खोलीच्या कोपऱ्यावरची खुंटी

कुसुम,

तुला माती देऊन आज सोळा दिवस झाले आणि सोळाच्या सोळा दिवस पाऊस लागून राहिलाय. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, बसतं करून मातीत ठेवतात, हे लहानपणापासून बघत आलोय. पण त्या मातीवर पुढं पाऊस पडतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता रोज सकाळी छत्री घेऊन शेताकडं जातो. तुझ्यावरची माती किती बसली, कुठल्या अंगानं ओघळ पडला, ते बघतो. परवा एका बाजूनं बोटभर ओघळ पडलेला दिसला, तर गुडघ्यावर बसून हातानंच माती ओढायला लागलो. मागनं आमचा थोरला दादा ओरडला, "आरं, नवी माती हाय, बसणारच की ती! उठ, न्हायतर तूच आजारी पडशील." तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. म्हणाली असतीस, "आणा की सातवीचा वर्ग हितंच. मातीची धूप शिकवायला लांब कशाला जायचं?"

मला हसू येत नाही. मी मूळचाच सशाच्या काळजाचा. शाळेची सहल निघाली की वाटेत चारदा डोकी मोजणारा हेडमास्तर. "तुमास्नी शेजारच्या चुलीवरचं दूध उतू जायची बी काळजी," असं तू म्हणायचीस. खरं आहे. पण ज्या एका गोष्टीची काळजी करायला पाहिजे होती, तिच्याकडं मात्र मी पाठ फिरवली. ती सांगायचीय तुला. येतो तिच्याकडं. जरा दम धर, मला कुठलीच गोष्ट सरळ सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुझ्या जागी बदली शिक्षक अजून आलेला नाही. तेव्हा सातवीचा भूगोल माझ्याच गळ्यात. पहिल्या दिवशी पुस्तक उघडून फळ्यावर लिहिलं: विदारण म्हणजे खडक जागच्या जागी फुटणे, कुजणे व भुगा होणे. धूप म्हणजे तो भुगा वाऱ्याने, पाण्याने वाहून जाणे. अडतीस पोरं माझ्याकडं असं बघत बसली, जसं काही मी दवाखान्यातली पाटी वाचून दाखवतोय. मग हसीना उठली. पिंजाऱ्याची थोरली, तुझी नोंदवही सांभाळणारी. म्हणाली, "गुरुजी, बाई आदी पाट्याचं सांगायच्या."

पाट्याचं! कसं विसरीन? पोरांना घरचा पाटा मोजून आणायला लावलंस तू. मधला खड्डा किती खोल गेलाय, टाकी घालून पाटा खरखरीत करणारी शेवटची कधी आली होती, आईच्या लग्नात पाटा केवढा जाड होता. आणि वर्गात म्हणालीस, "मग एवढा दगूड गेला कुठं? तुमच्या पोटात गेला की, चटणीसंगं!" दुसऱ्या दिवशी एका पोराची आज्जी काठी टेकत शाळेत हजर. "बाई, आमच्या चटणीत दगूड हाय म्हनं? माज्या पाट्याला नावं ठेवताय व्हय?" मी ऑफिसात घाम पुसत बसलो होतो, आता गावात बभ्रा होणार म्हणून. तू त्या म्हातारीला खुर्चीवर बसवलंस, चहा पाजलास आणि पोरांच्यापुढं तिच्याकडनंच सांगून घेतलंस, तिच्या हयातीत पाटा किती झिजला ते. म्हातारी जाताना मला म्हणाली, "हेडमास्तर, ह्या बाईला बदलू नगा."

आपली भांडणं तरी किती. जलचक्राचं भांडण तर मिटलंच नाही. सहामाहीला एका पोरानं लिहिलं होतं, "पाण्याची वाफ आमच्या अव्वाच्या वाळत घातलेल्या लुगड्यातून होते." तू पैकीच्या पैकी दिलेस. मी खोडून निम्मे केले. पुस्तकात समुद्र आहे, परीक्षेत समुद्र लिहायचा असतो, तपासणारा काय तुझ्या परड्यात लुगडी बघायला येणार आहे का, असं मी म्हणालो. तू म्हणालीस, "ह्या पोरांनी समुद्र बगितलाय का? चाकाला सुरुवात कुठं असती वो? जिथं उभं ऱ्हाईल तिथनं सुरू." तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. ते निम्मे मार्क मी शेवटपर्यंत परत दिले नाहीत. आज द्यावेसे वाटतात. पण पोरगं मुरगूडच्या हायस्कुलात गेलं, पेपर रद्दीत गेला.

हे सगळं आठवत बसलोय खरा, पण मुद्दा टाळतोय. खोलीचं सांगतो.

सातवीची खोली मी बांधून घेतली, दुष्काळाच्या साली. तू तेव्हा अजून बदलीची वाट बघत मलकापूरकडं होतीस. गावानं श्रमदान केलं होतं. बसगोंडाण्णानं आपल्या बैलगाडीतनं दगड आणला, बायकांनी माती वाहिली, आणि जागा मी निवडली. सपाट जागा, खणायला मऊ, वाळू-गोटे हाताशी. माझी मलाच शाबासकी! ओढा तेव्हा दोन वर्षं कोरडा ठणठणीत होता, पोरं त्यात विटीदांडू खेळायची. वाळू हाताशी का आहे, जमीन मऊ का आहे, हे एकानंही विचारलं नाही. म्हाताऱ्यांनी नाही, मी तर नाहीच. दोन पावसाळे कोरडे काय गेले, पाणी कुठनं जायचं ते अख्खं गाव विसरलं. दाराच्या वर शिळा बसवली, "हेडमास्तरांच्या प्रेरणेने." ती शिळा मी रोज येता-जाता वाचायचो, हे तुला ठाऊक होतं. तू कधी बोलली नाहीस.

बदलून आलीस त्या दिवशी शाळा बघायला गेलो. तू खोलीला एक फेरी मारलीस आणि कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "अहो, ही वड्यातच बांधलीया की!"

पहिल्या वाक्यालाच. मला इतका राग आला होता!

मग त्या खुंट्या. खोलीच्या लोखंडातल्या उरलेल्या सळया लोहाराकडनं सारख्या मापानं तोडून घेतल्यास, प्रत्येकीला मधोमध लाल रंगाचा पट्टा काढलास. पट्टा मातीला टेकेल इतक्या खोल त्या ठोकल्यास, काही टेकाडावर, काही ओढ्याच्या काठावर, आणि शेवटची खोलीच्या मागच्या कोपऱ्याला. दरवर्षी दोनदा सहावी-सातवीची पोरं घेऊन मोजायचीस. पट्टा मातीच्या वर जितका आला, तितकी माती वाहून गेली. पोरं आधी बोटांनी मोजायची, मग पट्टीनं, मग वहीत. मला आधी तो खेळ वाटला. मग तुझी वही बघितली. टेकाडावरच्या खुंट्या एक बोट, दीड बोट. कोपऱ्यावरची मात्र दरवर्षी पुढं.

गेल्या दसऱ्याच्या आधी तू म्हणालीस, "ह्या टायमाला मोजलं की वही गावच्या बैठकीत ठेवणार. खोली रिकामी कराय पायजे. भिंतीखालनं माती निघाली तर कुणाचं पोरगं हातात घेऊन बसायचं?" मी म्हणालो, "लोक तोंडात शेण घालतील. ज्यांनी पाठीवर दगड वाहिले, त्यांना काय सांगू? जागा चुकली म्हणून?" तू म्हणालीस, "व्हय. तसंच सांगायचं." तुझ्या दृष्टीनं ते तितकं सोपं होतं.

कुसुम, मोजायच्या आदल्या दिवशी, रविवारी, तू बाजाराला गेलीस तेव्हा मी घण घेऊन शाळेमागं गेलो. दिवसाढवळ्या. कोपऱ्यावरच्या खुंटीचा लाल पट्टा चांगला चार बोटं वर आला होता. मी तीन-चार घाव घातले. पट्टा एक बोटावर आला. पायानं माती सारखी केली आणि घरी येऊन हात धुतले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तू पोरांना घेऊन मोजलंस. मी ऑफिसाच्या खिडकीतनं बघत होतो. तू वाकलीस, पट्टी लावलीस, परत लावलीस. मग वाकलेलीच राहिलीस, बराच वेळ. खुंटीच्या डोक्यावरनं बोट फिरवलंस. त्या बोटाचं मला अजून कळत नाही. घणाचा व्रण लागला का तुझ्या हाताला? तुला कळलं होतं का? की नुसता गंज पुसलास? आठ महिने मी तुझ्या तोंडाकडं बघत हे ताडायचा प्रयत्न केला. भाकरी थापताना, वह्या तपासताना. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. तू कधी काही दाखवलं नाहीस. आता तर विचारायचीच सोय राहिली नाही.

त्या संध्याकाळी तू चहा पुढं ठेवलास आणि म्हणालीस, "तुमचंच बरोबर हुतं. एकच बोट हाय. मागल्या साली माझंच मोजाय चुकलं असणार. उगंच तुमच्या जीवाला घोर लावला." मी चहा प्यालो! बशीत ओतून प्यालो.

आणि सहावी-सातवी एकत्र बसवून तू वर्गात सांगितलंस. शेजारच्या खोलीत मी पाचवीचं गणित घेत होतो, भिंतीपलीकडनं ऐकू आलं. "पोरांनो, बाईचं मोजाय चुकलं. चुकलं तर चुकलं म्हणायचं असतं." तुझा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, त्यात काही कमी झालेलं नव्हतं. मी फळ्यावरचा भागाकार दोनदा चुकलो.

त्यानंतर तू प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायला लागलीस. तांदूळसुद्धा. कोल्हापूरला जाऊन डोळे तपासून आलीस, चष्मा लागलाय म्हणून पट्टीवरचं दिसत नसेल, असं तुझं म्हणणं. डॉक्टरनं नंबर नाही म्हणून परत पाठवलं. एस.टी.तनं उतरलीस ती हसत, "डोळं धड हायत म्हणतोय. मग बिगाड डोस्क्यातच हाय बगा!" त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. स्टँडवरच, तुझ्या हातातली पिशवी घेताना. मी विचारलं, फणस आणलास का?

मग जूनमध्ये चार दिवसांचा ताप आला आणि तू गेलीस. इतकं पटकन की मला भ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

आता या आठवड्याचं ऐक. बुधवारी रात्रभर पाऊस कोसळला. गुरुवारी शाळेत आलो तर ओढा खोलीच्या मागनं दोन हातांवर. लाल गढूळ पाणी, आणि आवाज असा की वर्गात बोललेलं ऐकू येईना. पोरांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट हसीना नोंदवही घेऊन उभी. "गुरुजी, पावसाच्या आदी मोजायचं बाईंच्या आजारपणात ऱ्हायलंय. आता तरी मोजूया." मी नाही म्हणणार होतो. तोंडातनं "चला" निघालं. पाऊस जरा उघडला होता. टेकाडावरच्या खुंट्या मोजून आलो, मग पोरांना भिंतीजवळ रांगेत उभं केलं, डोकी मोजली, आणि कोपऱ्यावर मी एकटाच गेलो.

पट्टा सात बोटं वर होता. मी हातानं चाचपून बघितलं, भिंतीच्या पायाचा खालचा दगड उघडा पडला होता, आणि त्याच्याखाली हात आत गेला. मनगटापर्यंत गेला, कुसुम.

"सात," मी ओरडलो. हसीनानं लिहिलं. मग वही बघत बसली आणि म्हणाली, "दसऱ्याला एक बोट हुतं. टेकाडावरच्या खुंट्या बी लई हाललेल्या न्हाईत. हितं एकदम सहा कशी वाढतील?" मागनं एक पोरगं म्हणालं, "आगं, बाईंचं मोजाय चुकायचं की. त्याच म्हणाल्या हुत्या. ह्ये बी चुकलंच असंल. चला आत, भिजतोय आपण." आणि सगळी पोरं आत निघाली. त्याच खोलीत. एकमेकांना ढकलत, हसत, अगदी निर्धास्त. तुझं चुकतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तूच शिकवलं होतंस त्यांना. खोटं माझं होतं आणि पोरांनी विश्वास तुझ्यावर ठेवला होता.

 मी दारात आडवा उभा राहिलो, दोन्ही हात चौकटीला लावून. "आत कुणी जायचं न्हाई," म्हणालो. "बाईंचं कधी चुकलं नव्हतं. खुंटी मी ठोकली हुती. घणानं. माती गेलेली दिसू नये म्हणून."

 हेडमास्तर असं बोलू शकतो हेच पोरांना समजत नव्हतं. मग हसीनानं पेन काढलं. "किती बोटं ठोकलासा, गुरुजी?"

"तीन असतील. मोजली नव्हती."

"मोजाय पायजे हुती," ती म्हणाली. रागानं नाही. तू पोरांना म्हणायचीस तशी. आणि वहीत दसऱ्याच्या एक बोटावर काट मारून तिनं पुढं लिहिलं, 'चार, अंदाजे'. आजच्या सातापुढं 'दहा, अंदाजे'. ते बघून त्या पोरानंसुद्धा दारातला पाय मागं घेतला.

पोरांना बसवाण्णाच्या देवळात नेलं. जाताना मोजली, पोचल्यावर मोजली. मग गावात गेलो आणि जो भेटेल त्याला सांगितलं. खोलीची जागा चुकली, मी चुकलो, वरनं मापही खोटं केलं. माणसं आली, फळा आणि कपाट बाहेर काढलं, दाराला काट्या लावल्या. कुणी शिव्या दिल्या. एक जण थुंकला. तोंडात शेण घालतील म्हणून इतके महिने भ्यालो होतो, ते घातलंच. आणि घालून झाल्यावर माणसं आपल्या कामाला गेली.

खोली अजून उभी आहे. हे एक नवीनच दुखणं झालंय. रोज कुणीतरी जाता-जाता ओरडतं, "काय मास्तर, हाय की उभी!" मी दिवसातनं दहादा बघून येतो. पडली तर गावाचे कष्ट पाण्यात जातील आणि नाही पडली तर लोक म्हणतील उगाच पोरांना देवळात बसवलं. तुला हसू येईल. मला देवळाच्या मंडपाचीसुद्धा काळजी वाटते, तुळई जुनी आहे.

आज दुपारी बसगोंडाण्णा घरी आला. दोन दिवस त्यानं माझ्याकडं बघितलंही नव्हतं. सोप्यात बसला. मी चहा केला, जास्त गोड झाला. एक घोट घेऊन तो म्हणाला, "मास्तर, त्या खोलीपायी माजा एक बैल कायमचा बसला. मी काय बोललो न्हाय. शाळा हाय म्हणून."

"अण्णा, मला माफ करा," म्हणालो आणि मला रडू कोसळलं. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा मी असा रडलो नव्हतो.

 त्यानं विचारलं, "बाईस्नी सांगितलासा का कधी?"

"न्हाय."

"आट म्हैनं घरातच हुती की ती."

"व्हय."

"मग आमच्याम्होरं कशाला रडतायसा?" तो म्हणाला. "दगूड आमचा गेला, तो परत आणता येतोय. त्या बाईनं चारचौघांत आपली चूक म्हणून मान खाली घातली. तिला सांगाय पायजे हुतं." चहा संपवून, चपला घालून तो गेला.

 तेव्हापासनं वही पुढ्यात घेऊन बसलोय. तुझ्याविषयी चांगलं-चुंगलं लिहिणार होतो, शाळेच्या वतीनं. शिक्षण, नोकरी, पोरांवरची माया. ते काही जमलं नाही. मला एकच लिहायचं होतं आणि त्याच्याभोवती मी इतकी पानं फिरलो.

तुझं मोजमाप बरोबर होतं, कुसुम. एवढंच वाक्य होतं. मला ते आठ महिन्यांत म्हणता आलं नाही.